रिकाम्या शेडचं भाडं

सांगलीहून कुपवाडकडं येताना 'सूतगिरणी' नावाचा थांबा लागतो. वडापवाला 'सूतगिरणी, कुपवाड, एमआयडीसी' असं एका दमात ओरडतो. त्याच्या गाडीत दाटीवाटीनं बसलेल्या कॉलेजच्या पोरांपैकी कुणी चाती फिरताना पाहिलेली नसते, पण 'सूतगिरणीला उतरायचंय' म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. आमच्याकडं कारखाने बंद पडले की थांब्यांच्या नावात राहायला जातात. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी बघा. प्रभाकर कंदील घराघरांतून गेला, काचेची भट्टी विझली, गावाच्या पाटीवर ओगले बंधू तेवढे राहिले.

त्या रस्त्यानं मी कितीतरी वर्षं संध्याकाळचा जात होतो, तो नोकरीला नव्हे, तालमीला. आमच्या हौशी मंडळाला एका ओळखीच्या माणसानं त्याची बंद शेड दिली होती. चाळीस फूट रुंद, साठ फूट लांब, डोक्यावर वीस फुटांवर पत्रा. लेथ विकून झाले होते, पण त्यांचे फाउंडेशन बोल्ट जमिनीतून बोटभर वर आलेले तसेच होते. पहिल्याच आठवड्यात आमच्या नायिकेनं अंगठा फोडून घेतला. मग प्रत्येक बोल्टावर नारळाची करवंटी पालथी घातली आणि अंधारात दिसावी म्हणून तिला चुना फासला. सेटचा आराखडा जमिनीवर खडूनं काढायचा, तर वर्षानुवर्षं मुरलेल्या ऑइलवर खडू उमटेना. शेवटी बोल्टांनाच सुतळी बांधून खोल्या पाडल्या. दिवाणखाना चार बोल्टांत नीट बसला. स्वयंपाकघराच्या वाट्याला तीनच आले, म्हणून ते त्या नाटकात शेवटपर्यंत तिकोनी राहिलं. स्पर्धेच्या परीक्षकांनी नेपथ्यातली कल्पकता म्हणून त्याचं कौतुकही केलं.

ऑगस्टात पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की एकमेकांचं वाक्य ऐकू येत नसे. तेवढा वेळ नुसत्या हालचालींची तालीम. भाडं काही नव्हतं, वीजबिल आम्ही भरायचो. मग एके वर्षी बेदाण्याचा हंगाम चांगला गेला, मोकळ्या बॉक्सांना जागा हवी होती आणि शेडच्या मालकाला महिन्याचे रोख पैसे देणारा व्यापारी भेटला. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. राग कुणाचा धरायचा? आम्ही करवंट्या गोळा केल्या आणि निघालो.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुठंही बंद गिरणी, ओस पडलेली शेड दिसली की मी पावलांनी तिची लांबी मोजतो. मनात म्हणतो, इथं काय काय बसेल!

हे खूळ माझ्या एकट्याचं नाही हे नंतर कळलं. जगभर बंद कारखान्यांची चित्रशाळा, नाटकघरं, संग्रहालयं झाली आहेत. लंडनच्या बँकसाइड वीजकेंद्राची २००० साली टेट मॉडर्न झाली. जर्मनीत एसेनमधली त्सोलफेराइन ही कोळशाची खाण १९८६ साली बंद पडली आणि २००१ साली जागतिक वारशात गेली. बीजिंगमध्ये पूर्व जर्मनीच्या मदतीनं १९५०च्या दशकात उभारलेला इलेक्ट्रॉनिक सामानाचा कारखाना होता, ७९८ नंबरचा. तिथं १९९५ साली चित्रकला अकादमीच्या शिल्पकला विभागानं जागा घेतली, कारण अगदी साधं: मूर्ती मोठी करायची होती, छप्पर उंच हवं होतं आणि भाडं कमी होतं. मागोमाग चित्रकार आले, त्यांच्या मागोमाग कॉफीची दुकानं आली, भाडी चढली आणि पहिल्या चित्रकारांतल्या कित्येकांना बाहेर पडावं लागलं. आपल्या देशात कोचीला ॲस्पिनवॉल कंपनीची जुनी वखार आहे, मसाल्याच्या आणि काथ्याच्या व्यापारातली. २०१२ पासून तिथं बिएनाले भरते. मी फोटोत पाहिली आहे. त्या वखारीचं आढं बघितलं की मला आमच्याकडच्या हळदीच्या गोदामांची आठवण होते.

कापडगिरणी आणि चित्रशाळा यांचं नातं तर छपरातच आहे. गिरण्यांची जुनी छपरं करवतीच्या दात्यांसारखी असतात. एक बाजू उतरती, दुसरी उभी आणि तिच्यात काच. ती काच उत्तरेला तोंड करून बसवतात. आपल्याकडं उत्तरेकडून ऊन वर्षातला बराच काळ थेट आत शिरत नाही. दिवसभर सारखाच, सावली न पाडणारा उजेड मिळतो आणि तुटलेला धागा विणकराला लगेच दिसतो. चित्रकारही स्टुडिओला उत्तरेची खिडकी का मागतो? कारण तेच. सकाळी लावलेला रंग दुपारी वेगळा दिसू नये. म्हणजे गिरणी बांधणाऱ्यानं नकळत चित्रशाळाच बांधून ठेवलेली असते.

आपल्या भागातली अशी सगळ्यात मोठी जागा कुपवाडपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. कोल्हापूरची शाहू मिल. २७ सप्टेंबर १९०६ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी तिचा पाया घातला. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचं वारं देशभर होतं. महाराजांनी नुसती विलायती कापडाची होळी करण्यापेक्षा संस्थानात कापडाची गिरणी काढली. त्याआधी शाहूपुरीची गुळाची पेठ वसवून झाली होती, राधानगरीच्या धरणाचं काम पुढं यायचं होतं. शेतात पिकतं त्याला गावातच बाजार आणि गावातच कारखाना, असा तो हिशेब. काळ्या दगडाच्या इमारती, उंच धुराडं, शेजारी कोटितीर्थाचा तलाव. कोल्हापूरच्या दोन-तीन पिढ्यांनी तिच्या भोंग्यावर घड्याळं लावली. पुढं ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली आणि २००३ साली बंद पडली. सत्तावीस एकर जागा, ऐन शहरात.

एवढी जागा शहराच्या पोटात मोकळी पडली की तिचं काय होतं, हे आपण मुंबईत बघितलंय. कोल्हापूरकरांनी तसं होऊ दिलं नाही याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. तिथं महाराजांचं स्मारक व्हावं, त्यात कलादालन असावं, वस्त्रोद्योगाचं संग्रहालय असावं, अशी मागणी झाली, आराखडे झाले, त्यांचे आकडे कोटींमध्ये वाढत गेले. आराखड्यांत सगळं असतं. मी कागदावरची अशी स्मारकं बरीच बघितली आहेत. त्यांत कारंजं नेहमी असतं.

२०२२ साली मात्र फाटक खरंच उघडलं. महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं होत होती. ६ मे रोजी सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. त्या कृतज्ञता पर्वात मिलच्या इमारतींमध्ये प्रदर्शनं मांडली. मीही गेलो होतो. बाहेर रणरणतं ऊन आणि आत दगडी भिंतींचा गारवा. लोक सहकुटुंब आले होते. पोरं धावत होती, बायका वस्तू हातात घेऊन किंमत विचारत होत्या. माझ्या पुढं एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरी टोपी, बगलेत पिशवी. त्यांचं मांडलेल्या वस्तूंकडं लक्षच नव्हतं. ते खांब मोजत होते. एक, दोन, तीन असं बोटानं मोजत सातव्या खांबाशी थांबले, हात लावला, वर बघितलं आणि तिथंच टेकले. बराच वेळ बसले. मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. माणूस आपल्या मशीनपाशी आला होता.

त्या दुपारी मला वाटलं, झालं की! आणखी काय हवं? छपरं शाबूत करा, वीज, पाणी, संडास द्या आणि फाटक उघडं ठेवा. पण पर्व संपलं आणि फाटक लागलं. पुढंही निमित्तानिमित्तानं तिथं काही भरत राहिलं. रोजची जागा मात्र ती झाली नाही.

आणि मग ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आली. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेलं, खासबाग मैदानाला पाठ लावून उभं असलेलं ते नाट्यगृह केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं. सकाळी कलावंत रस्त्यावर उभे राहून रडत होते. ते पुन्हा जसंच्या तसं उभारायचं ठरलं, कामही निघालं, ते योग्यच झालं. पण नाट्यगृह बांधून होईपर्यंत कोल्हापूरच्या मंडळींनी तालमी कुठं करायच्या? प्रयोग कुठं लावायचे? त्याच शहरात सत्तावीस एकर जागा पडून होती. त्यातली एक शेड, नुसती झाडून, तात्पुरती त्यांना मिळाली असती तर स्मारकाचा आराखडा काही बिघडला नसता.

याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर होऊन गेले. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा हा माणूस. विलायती कॅमेरा परवडेना म्हणून त्यानं स्वतः लेथवर भाग कातून कॅमेरा तयार केला आणि त्यावर 'सैरंध्री' काढला, १९२० साली. कारखाना आणि कला या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे बाबूरावांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या बाजूला किर्लोस्करवाडीत नांगर आणि पंप करणाऱ्या कारखान्यातून त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून सुरू झालेलं ते मासिक मराठी वाचकाच्या माजघरात जाऊन बसलं. संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रं काढणारे. लक्ष्मणराव किर्लोस्करही मुळात जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात दृष्टिदोष निघाला म्हणून यंत्रांच्या आरेखनाकडं वळले. तो दोष नसता तर महाराष्ट्राला एक चित्रकार जास्त मिळाला असता आणि लोखंडी नांगर कुणी दुसऱ्यानं केला असता.

मुंबईचं सांगणं भाग आहे, पण थोडक्यात सांगतो, कारण तिकडं मन लागत नाही. सांगली-साताऱ्याच्या दर दोन घरांमागं एक माणूस गिरणीत होता म्हटलं तरी चालेल. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे बापाबरोबर चालत मुंबईला गेले, गिरणीत लागले आणि अमर शेख, गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांची लावणी ऐकायला पाळी सुटलेला गिरणीकामगारच तिकीट काढायचा. गिरणगाव हा कलेचा जिल्हाच होता, गिरण्या चालू असताना. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ जण परत आत गेलेच नाहीत. १९९१ च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे होते: शहराला मोकळी जागा, गरिबांना घरं, मालकाला उरलेलं. २००१ साली नियम बदलला. वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे, बांधलेल्याचे नाहीत, असं ठरलं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. एका गिरणीत कामगारांच्या करमणुकीची सोय म्हणून मंजूर झालेल्या जागेत बोलिंगचा अड्डा निघाला, ही गोष्ट तेव्हा पुष्कळ गाजली. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला छतावरच्या हॉटेलांना आग लागून चौदा माणसं गेली. परळचा दामोदर हॉल, १९२२ पासून कामगार रंगभूमीचं माहेर, २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाला. महालक्ष्मीच्या लक्ष्मी मिलमध्ये जी-फाइव्ह-ए सारखं एखादं प्रायोगिक नाटकघर उभं राहिलं, ते चांगलंही आहे. पण गणित मोठं होतं आणि कलेच्या वाट्याला त्यातला हातचा आला.

मग आपल्याकडं हे कधी जमलंच नाही का? एकदा जमलंय, आणि तेही कोल्हापूरच्याच माणसांच्या पुण्याईवर. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला गेली. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम, कुलकर्णी. १९५३ साली ती बंद पडली आणि १९६० साली त्याच आवारात सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली. प्रभातचा स्टुडिओ आजही पोरं शिकण्यासाठी वापरतात. इथं एक गोष्ट बघण्यासारखी आहे: प्रभातचं स्मारक केलं नाही, शाळा केली. म्हणून ती जागा जिवंत राहिली. वर्षातून एकदा हार घालायला नव्हे, रोज सकाळी कुलूप काढायला माणूस येतो.

त्याहून जुनं उदाहरण कुपवाडपासून वडापच्या पंधरा मिनिटांवर आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले घासायचे, त्यांना धार लावायची हा धंदा. इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानिकांच्या फौजा शोभेपुरत्या उरल्या आणि धारेचं काम सुटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारं खाली ठेवून तंतुवाद्यं करायला घेतली. बंद पडलेल्या उद्योगाचं कलेत रूपांतर म्हणतात ते हेच. त्याला ना ठराव लागला ना निधी. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात मी तासभर बसून होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे आढ्याला टांगलेले, एकेक घागरीएवढा. भोपळा भिजवून मऊ करतात, मग कापतात, वाकवून आकार देतात आणि त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी बसवतात. हे सगळं बाहेरच्या माणसाला दिसतं. दिसत नाही ती जवारी. कारागीर घोडीचा माथा कानशीनं घासतो, तार ताणतो, छेडतो, मान हलवतो, पुन्हा घासतो. केसाएवढा उतार. मग तंबोरा असेल तर तारेखाली सुताचा तुकडा सरकवतो, आणि एका ठिकाणी तार नुसती वाजायची थांबून गुंजायला लागते. ती जागा बोटाला कळते. ज्यांचे पूर्वज तलवारीची धार अंगठ्यानं तपासायचे त्यांचीच ही बोटं. दुकान दहा बाय बारा असेल. भोपळे सुकवायला उन्हाची जागा नाही, लाकूड मुरवायला कोरडी जागा नाही, पॉलिशचं काम दारातल्या बाकड्यावर. मी पुन्हा पावलांनी लांबी मोजली. आमच्या जुन्या शेडमध्ये अशी वीस दुकानं बसली असती.

आता कुपवाडचं. कुपवाड ओसाड नाही, हे आधी सांगतो. १९९८ साली सांगली आणि मिरजेबरोबर महापालिकेत आलेलं हे गाव आहे. त्याची औद्योगिक वसाहत चालू आहे, ओतकाम होतं, शीतगृहांत बेदाणा आणि हळद साठते, तीन पाळ्या निघतात. बंद शेडी मधेमधे आहेत, दात पडल्यासारख्या. त्यामुळं इथं अख्खा कलाजिल्हा वगैरे होणार नाही आणि होऊही नये. चालू भट्टी विझवून चित्रं टांगायची काही गरज नाही. पण एक गोष्ट २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला कळायला हवी होती. कृष्णा आयर्विन पुलाशी सत्तावन्न फुटांवर गेली. गावभागात माणूस बुडेल एवढं पाणी. आमच्या मंडळाची ट्रंक तळमजल्यावर होती: पेटी, दोन पैठण्या, मावळ्यांचे अंगरखे, हस्तलिखित संहिता. पाणी ओसरल्यावर पेटीच्या पट्ट्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात 'सीतास्वयंवर' केलं, त्या गावाचा नाटकाचा संसार नदीकाठच्या पूररेषेत आहे. आणि उंच, मुरमाड, पाणी न शिवणाऱ्या कुपवाडच्या माळावर शेडी रिकाम्या आहेत.

अडचण कागदाची आहे. औद्योगिक वसाहतीतला भूखंड पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं उद्योगासाठी दिलेला असतो. तिथं दुसरा वापर करायचा तर परवानगी हवी. आम्ही इतकी वर्षं तालीम केली ती कागदावर बसणारी नव्हतीच. नियम कडक असावेत, आगीच्या सोयी तर असाव्यातच. कमला मिल आठवली की त्याबद्दल वाद उरत नाही. पण सतार करणं हा उद्योग नाही का? मूर्ती ओतणं? नेपथ्य बांधणं, त्यात सुतार, वेल्डर, रंगारी असतात की. निदान एवढ्या कामांना तरी बंद शेड सवलतीच्या भाड्यानं मिळावी, याला औद्योगिक विकास महामंडळानं आणि महापालिकेनं एकत्र बसून एक वाट काढायला काय हरकत आहे? आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तीन महिन्यांपुरती तालमीला तात्पुरती परवानगी?

आणखी एक. आमची तालीम चालायची त्या शेडच्या मागं परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या खोल्या होत्या. होळीच्या आधी महिनाभर पाळी सुटली की त्यांचा ढोलक आणि झांजा सुरू व्हायच्या. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना आवाज कमी करायला सांगायला गेलो. दुसऱ्या वर्षी ते आमची तालीम बघायला दारात उभे राहिले. भाषा कळत नव्हती, तरी तिकोनी स्वयंपाकघरात काय चाललंय ते त्यांना बरोबर कळायचं. गिरणगावात आमचे आजे असेच कुणाच्या तरी दारात उभे राहिले असतील. कुपवाडमध्ये कलेची जागा झालीच, तर ढोलक तिथं पहिल्या दिवसापासून हवा.

सध्या आमची तालीम एका मंगल कार्यालयात चालते, लग्न नसेल त्या दिवशी. या वर्षीचे मुहूर्त नोव्हेंबरमध्ये दाट आहेत आणि स्पर्धाही तेव्हाच. हा लेख कुपवाड, सावळी, मिरज या पट्ट्यात कुणा उद्योजकाच्या हाती पडला आणि त्यांची एखादी शेड रिकामी असली, तर एवढंच मागणं आहे: आठवड्यातल्या चार संध्याकाळी, सात ते दहा. वीजबिल आम्ही भरू, लागेल तो कागद आम्ही करून आणू, करवंट्या आमच्याकडं आहेत.